विहाराची किल्ली कोणाकडे?

20 मार्च 2027 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती दहनाचीही शताब्दी आहे. साहजिकच रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या बौद्धवाड्यांच्या आणि त्यांच्या मुंबईतल्या मंडळांच्या बैठकांमध्ये शताब्दीचा विषय निघू लागला आहे. महाडला किती गाड्या न्यायच्या, बॅनर केवढा लावायचा, गाण्याची पार्टी कोणती आणायची, जेवणाचे काय करायचे, यावर चर्चा होते. ही चर्चा व्हायलाच हवी. आपला समाज उत्सवप्रिय आहे आणि ज्यांना शतकानुशतके उत्सवाच्या मांडवाबाहेर उभे केले गेले, त्यांनी आपल्या मुक्तीचा उत्सव थाटात करू नये, असे म्हणणारा करंटाच म्हणावा लागेल. परंतु या बैठकांत एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तोच आज विचारायचा आहे. आपल्या वाडीतल्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बौद्धवाडीत जाणे झाले. वाडी पंचवीस-तीस घरांची. त्यातली निम्मी घरे बंद, अंगणात पालापाचोळा साचलेला. वाडीच्या मधोमध विहार मात्र देखणा. खाली लादी, वर पंखे, आत तथागतांची आणि बाबासाहेबांची मूर्ती, दारावर देणगीदारांची नावे रकमेसह कोरलेली. दाराला कुलूप. आणि त्या कुलूपबंद दारासमोर, पायरीवर, दहावीतली एक मुलगी पुस्तक घेऊन बसलेली. घरात एकच खोली, आजी आजारी, टीव्ही चालू, म्हणून ती इथे येऊन बसते. अंधार पडू लागला तशी ती उठली. मी विचारले, "बाळ, आत का नाही बसत? आत दिवे आहेत की." ती म्हणाली, "किल्ली मुंबईला असते काका. जयंतीला येताना आणतात."

पाच मिनिटांचे हे बोलणे. पण त्यात कोकणातल्या आंबेडकरी चळवळीची आजची अवस्था जशीच्या तशी सापडते. विहार आहे, पण तो बंद आहे. शिकणारी मुलगी आहे आणि ती बाहेर बसली आहे.

हे लिहिताना मुंबईकर समाजबांधवांवर रोष धरण्याचा हेतू नाही. कोकणातला आपला माणूस मुंबईला हौसेने गेला नाही. खोताच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या राबूनही त्याच्या घरात वर्षाचे भात येत नव्हते. ही खोती मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. तोवर कितीतरी लोक बोटीने आणि पायवाटेने मुंबई गाठून गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आणि म्युनिसिपालिटीच्या कामाला लागले होते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण राहून त्यांनी गावाला मनिऑर्डरी केल्या. 1982 च्या गिरणी संपानंतर चूल विझली, तरीही विहारासाठी पावती फाडायची थांबवली नाही. आज कोकणात जे विहार दिसतात, ते या माणसांच्या घामाचे आहेत. त्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचा एक शब्दही लिहिता येणार नाही.

पण ज्याने विहार बांधला त्याचा मान वेगळा आणि ज्याला विहाराची रोज गरज आहे त्याचा हक्क वेगळा. विहार बांधणाऱ्याने किल्ली खिशात घालून मुंबईला न्यावी आणि वर्षातून तीन-चार वेळा कुलूप उघडावे, यासाठी विहार बांधलेला नाही. मंदिराचा दरवाजा कोणासाठी उघडायचा आणि कोणासाठी बंद ठेवायचा, हे पुजारी ठरवत होता. म्हणून तर आपण ती व्यवस्था सोडली. मग आपल्याच विहाराला नवा पुजारी का नेमायचा? त्याच्या गळ्यात जानवे नाही, तो मंडळाचा अध्यक्ष किंवा सेक्रेटरी आहे, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या कार्यक्रमांकडे पाहू. कोकणातल्या बौद्धवाडीचे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असते. 3 जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, 7 फेब्रुवारीला माता रमाईंची, 20 मार्चला महाड, 11 एप्रिलला जोतीरावांची आणि 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, मग वैशाख पौर्णिमा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. पुढे 14 ऑक्टोबर, 26 नोव्हेंबर, 6 डिसेंबर आणि 25 डिसेंबर. एवढे अर्थपूर्ण वेळापत्रक क्वचितच एखाद्या समाजाकडे असेल. यातला प्रत्येक दिवस म्हणजे एक धडा आहे. पण तो आपण कसा साजरा करतो? सकाळी धम्मध्वजारोहण, बुद्धपूजा, दुपारी जेवण, संध्याकाळी मिरवणूक आणि रात्री सभा. सभेत पाहुण्यांचे सत्कार एक तास, प्रास्ताविक अर्धा तास, आणि बाबासाहेबांच्या विचारांवरचे भाषण सुरू होईपर्यंत पुढे बसवलेली मुले आईच्या मांडीवर झोपलेली. मे महिन्यात अंडरआर्म क्रिकेटचे सामने होतात, त्यांना ट्रॉफी असते. दहावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाला गुलाबाचे फूल आणि एक वही मिळते. खर्चाचा हिशेब मंडळाच्या वहीत काटेकोर लिहिलेला असतो. त्यात साउंड सिस्टिमचा आकडा एकदा पाहावा आणि पुस्तकांचा आकडा शोधावा.

हे असेच चालत आले आहे असे म्हणावे, तर इतिहास तसे सांगत नाही. कोकणात ही चळवळ उत्सवाने सुरू झाली नाही, ती शिकण्या-शिकवण्याने सुरू झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. हातात सत्ता नाही, पाठीशी पैसा नाही, पण लेखणी चालवून अस्पृश्यतेला शास्त्राधार काय ते सांगा, असे त्यांनी भल्याभल्यांना विचारले. हा माणूस आपल्या मातीतला होता. महाडच्या 1927 च्या परिषदेमागेही तसाच तरुण उभा होता. रामचंद्र बाबाजी मोरे त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळात झाला, जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, पण ठराव कागदावर राहिला. तळ्याचे पाणी काही कोणाच्या ओंजळीत आले नाही. तो कागद खरा करण्यासाठी कार्यकर्ते खेडोपाडी फिरले, लोकांना समजावले, शिधा गोळा केला. परिषदेला जमलेल्या आपल्या माणसांना पिण्यासाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे समोर भरलेले होते, आणि पाणी विकत! हे ज्यांनी सोसले, त्यांनी 20 मार्चला बाबासाहेबांच्या पाठोपाठ तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतले.

डिसेंबरची गोष्ट तर समुद्राची आहे. मोटारवाले ऐनवेळी दगा देतील म्हणून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने निघाले आणि सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरावर उतरले. तिथे लोक त्यांची वाट पाहत होते. तिथून सर्वजण रांगेने पायी महाडला गेले. परिषदेला सवर्णांपैकी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. त्या मांडवाची व्यवस्था, पाण्याची व्यवस्था, पहारा आणि शिस्त हे सगळे स्वयंसेवकांनी सांभाळले. त्याच काळात समता सैनिक दल उभे राहिले. म्हणजे महाडमध्ये तळे, पुस्तक आणि स्वयंसेवक ही तिन्ही एकत्र होती. त्यातले तळे आपण लक्षात ठेवले, पण बाकीची दोन शताब्दीच्या यादीत शोधावी लागतात.

दासगावचे नाव घेतले की दुसरीही एक आठवण येते. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई अशा गावांवर दरडी कोसळल्या आणि माणसे गाडली गेली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मंडणगड, दापोलीपर्यंत घरांची कौले उडाली. जुलै 2021 मध्ये महाड आणि चिपळूण पाण्यात बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, ती आदिवासींची वाडी होती. कोकणात पाऊस हा आता दरवर्षीचा परीक्षक झाला आहे. आणि आपल्या वाड्या कुठे आहेत? गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, डोंगराच्या उताराला. गावकीने जिथे ढकलले तिथेच त्या आहेत. मग पहिला धोका कोणाला? आणि वाडीतली सर्वांत पक्की इमारत कोणती? बहुतेक ठिकाणी ती विहाराची असते. आभाळ फाटते त्या रात्री तिची किल्ली दादरला किंवा विक्रोळीला असून चालेल काय?

यावर नेहमीचे उत्तर तयार असते. "गावात आहेच कोण? म्हातारी माणसे आणि चार पोरे." मग विहार त्यांच्यासाठीच उघडा हवा. जो मुंबईत आहे त्याला ग्रंथालय आहे, क्लास आहे, मित्रमंडळ आहे. वाडीतल्या पोराला काय आहे? 2023 साली शासनाने कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची योजना पुढे आणली. कोकणात वस्त्या विखुरलेल्या आहेत, पट कमी असणारच. शाळा वाडीपासून जितकी लांब जाईल तितकी मुलींची शाळा लवकर सुटेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. याविरुद्ध निवेदने द्यायची, लढायचे, हे आहेच. पण लढाई चालू असताना संध्याकाळी सहा ते नऊ विहारात दिवा लावायला शासनाचा निर्णय लागत नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने कोकणातल्या प्रत्येक बौद्धवाडीने तीन कामे हाती घ्यावीत असे सुचवावेसे वाटते.

पहिले काम अभ्यासिकेचे. विहार रोज संध्याकाळी उघडा राहील आणि तिथे मुले अभ्यासाला बसतील. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड राज्य शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केले आहेत, ते कपाटात हवेत. त्याबरोबर शाळेची पुस्तके, शब्दकोश, शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षांची पुस्तकेही हवीत. वर्षावासात अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ही मोठी चांगली परंपरा आहे. पण वाचणारा एक आणि ऐकणारे सगळे, असे न करता रोज एका मुलाने किंवा मुलीने एक पान वाचावे आणि त्यावर एक प्रश्न विचारावा. प्रश्न विचारणे हाच आपला धम्म आहे. मुंबईतल्या शिकलेल्या तरुणांनी मे महिन्यातले दहा दिवस क्रिकेटबरोबर गणित आणि इंग्रजीलाही द्यावेत.

दुसरे काम कलेचे. आपल्या समाजाला गाणे कोणी शिकवावे लागत नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांनी निरक्षर माणसापर्यंत बाबासाहेब पोचवले. कोकणात जाखडी आणि शक्ती-तुऱ्याच्या ढंगाने आपल्या शाहिरांनी बुद्ध-भीमगीतांचे सामने रंगवले, लोक रात्र-रात्र बसून ऐकत. पूर्वी गावकीची सक्ती म्हणून जी वाजंत्री वाजवावी लागत होती, ती आपण धम्मदीक्षेनंतर नाकारली. ते योग्यच झाले. पण गुलामी सोडताना हातातली कला सोडायची असते असे नाही. उर्मिला पवार यांनी 2003 साली आलेल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले, ते बांबूच्या विणकामावरून. सुपे-टोपल्या विणून मुलांना शिकवणाऱ्या आईच्या हाताची ती आठवण आहे. आज वाडीत विणणारी दोन म्हातारी माणसे उरली असतील. ती गेली की ती विद्याही जाईल. त्यांना शाल देऊन सत्कार करण्यापेक्षा मुलांना त्यांच्यापुढे बसवावे. आणि शताब्दीला बाहेरून पार्टी आणण्याऐवजी वाडीतल्या मुलांनीच महाडवर एक तासाचा जलसा बसवावा. तो थोडा बेसूर झाला तरी चालेल. ज्या मुलाने चवदार तळ्यावरच्या सत्याग्रहीचे काम केले, तो आयुष्यभर कोणापुढे मान खाली घालणार नाही.

तिसरे काम स्वयंसेवकांचे. प्रत्येक वाडीत पाच जणांचे पथक असावे, त्यात किमान दोन महिला असाव्यात. पावसाळ्याआधी ओढा, उतार, विजेच्या तारा यांची पाहणी करावी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी, गरोदर महिला आणि आजारी माणसांची नोंद ठेवावी. तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क ठेवावा, प्रथमोपचार शिकावेत. आणि हे पथक केवळ आपल्या वाडीपुरते नसावे. शेजारच्या कातकरीवाडीवर किंवा कोळीवाड्यावर संकट आले तर ते आधी पोचले पाहिजे. फत्तेखानाची जागा ज्यांनी घेतली त्यांनी ती अशीच फेडायची असते. 20 मार्चला महाडला लाखोंच्या गर्दीत जाताना याच पथकांनी पाणी वाटावे, वृद्धांना हात द्यावा आणि परतताना तळ्याचा परिसर झाडून यावे.

आता किल्लीकडे येऊ. तिन्ही कामांची सुरुवात तिथूनच आहे. ती वाडीतच राहणाऱ्या दोन व्यक्तींकडे असावी, त्यातली एक महिला असावी. पौर्णिमेची बुद्धपूजा कोण करते? विहार झाडून कोण काढते? वर्षावासात भर पावसात डोक्यावर इरले घेऊन वाचनाला कोण येते? आपल्या मायबहिणीच. 1927 च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला, त्यांना चळवळीत बरोबरीने बोलावले. शंभर वर्षांनंतरही आपल्या कार्यक्रमपत्रिकेत बाई फक्त स्वागतगीताला आणि स्वयंपाकाला असेल, तर शताब्दी कशाची करायची? वणंदच्या रमाईंचे वडील दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत होते. त्या घरातली मुलगी बाबासाहेबांच्या विद्येमागे उभी राहिली. तिच्या लेकींच्या हातात विहाराची किल्ली द्यायला भीती कसली?

भीती असते ती मानाची. किल्ली गेली की अध्यक्षपदाचा थाट गेला, असे काहींना वाटते. त्यातूनच एका वाडीत दोन मंडळे, दोन जयंत्या, दोन मिरवणुका होतात आणि विहाराला एकावर एक दोन कुलपे लागतात. मुंबईकरांनी मोठ्या मनाने हिशेब ठेवावा, निधी द्यावा, वर्षातून दोनदा येऊन काम पाहावे, चुकले तर कान धरावा. परंतु रोजचा कारभार रोज तिथे राहणाऱ्यांनी करावा. गावच्यांनीही "मुंबईवाले बघतील" ही सवय सोडावी. वीजबिल भरायला मुंबईचा फोन, झाडू आणायला मुंबईचा फोन, हे थांबले पाहिजे. स्वावलंबन हा काही केवळ भाषणातला शब्द नाही.

2027 च्या 20 मार्चला कोकणातल्या वाडीवाडीतून गाड्या महाडला निघतील. निळे झेंडे लागतील, घोषणा होतील, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेताना डोळे भरून येतील. त्या सकाळी गाडीत बसण्याआधी प्रत्येकाने एकदा आपल्या विहाराकडे वळून पाहावे. दार उघडे असेल, आत चार मुले वाचत बसली असतील, भिंतीवर स्वयंसेवकांची नावे लिहिलेली असतील, तर खुशाल महाडला जावे. आणि दाराला कुलूप असेल, तर आधी ते काढावे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी दुसऱ्याने बंद केलेले तळे खुले करण्यासाठी डोकी फोडून घेतली. आपण स्वतः बंद केलेले दार उघडायला तर कोणी डोके फोडणार नाही.

पायरीवर बसलेली ती मुलगी या वर्षी कोणत्या वर्गात असेल, ठाऊक नाही. तिच्यामागून तिच्या वाडीतली धाकटी मुले तरी आत बसलेली दिसावीत, एवढीच अपेक्षा.

जयभीम!